रशियातील युद्धविरोधी कैद्याला पत्र कसे पाठवावे

अलेक्सेई गोरिनोव हे मॉस्कोच्या क्रास्नोसेल्स्की भागाचे नगरसेवक होते. युक्रेनमध्ये मुले मरत असताना आपण इथे मुलांच्या चित्रकला स्पर्धा कशा भरवायच्या, असा प्रश्न त्यांनी मार्च २०२२ मध्ये सभेत मांडला आणि त्याच वर्षी जुलैत त्यांना ७ वर्षांची शिक्षा झाली. न्यायालयात उभे असताना त्यांच्या हातातल्या कागदावर लिहिले होते, ‘तुम्हाला हे युद्ध अजून हवे आहे का?’ अशा कैद्यांना कोणीही पत्र लिहू शकते आणि त्यांना येणाऱ्या पत्रांच्या संख्येवर रशियन कायद्याने मर्यादा घातलेली नाही. मात्र प्रत्येक पत्र आधी तुरुंगाचा सेन्सॉर वाचतो, हे ध्यानात ठेवूनच कागद पुढ्यात घ्यावा.

पत्र रशियन भाषेतच असावे. मराठी किंवा इंग्रजी पत्र सेन्सॉरच्या टेबलावरच अडकून पडण्याची शक्यता फार असते. यंत्राकडून भाषांतर करून घेतले तरी चालते. त्यासाठी वाक्ये छोटी आणि सरळ ठेवावीत, म्हणजे अर्थ बिघडत नाही. पाकिटावर कैद्याचे नाव, पितृनाम, आडनाव आणि जन्मवर्ष रशियन लिपीत स्वच्छ लिहावे, कारण एकाच वसाहतीत (रशियात शिक्षा भोगण्याच्या तुरुंगाला असे म्हणतात) एकाच नावाचे दोघे असू शकतात.

मजकुरात युद्ध, खटला, सरकार यांचा उल्लेख टाळावा. हे लिहिताना मलाही त्रास होतो, पण एका ओळीपायी सगळे पत्र अडकले तर तोटा कैद्याचाच होतो. त्याऐवजी आपल्याकडच्या पहिल्या पावसाबद्दल, गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांबद्दल, शेजारच्या मुलीच्या परीक्षेबद्दल लिहावे. भिंतीआडच्या माणसाला चालत्या जगाची खबर हवी असते. ‘धीर धरा’ असा कोरडा उपदेश नको. सोबत उत्तरासाठी दोन कोरे कागद आणि एखादे छायाचित्र घालावे.

प्रत्येक पत्रावर तारीख आणि क्रमांक घालावा. तिसरे पत्र मिळाले आणि दुसरे मिळाले नाही, हे त्यावरून कैद्याला कळते आणि तो त्याबद्दल विचारणा करू शकतो.

युद्धकैद्यांचा मार्ग निराळा आहे. तिसऱ्या जिनिव्हा कराराने त्यांना पत्रव्यवहाराचा हक्क दिला असून त्यांच्या कुटुंबीयांनी रेडक्रॉसकडे जावे.

पत्र परत आले, तर लगेच वाईट अर्थ काढू नये. रशियात कैद्याला एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात हलवताना कित्येक आठवडे त्याचा ठावठिकाणा कोणालाच सांगत नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये तुरुंगात असलेले विरोधी नेते अलेक्सेई नवाल्नी यांचा जवळजवळ तीन आठवडे पत्ता नव्हता आणि शेवटी ते आर्क्टिकमधल्या खार्पच्या वसाहतीत सापडले. तिथेच १६ फेब्रुवारी २०२४ रोजी त्यांचा मृत्यू झाला. म्हणून परत आलेले पत्र जपून ठेवावे आणि नवा पत्ता कळताच तेच पत्र, त्याच क्रमांकाने, पुन्हा टपालात टाकावे.