ॲनिमेशनपटाची बैठक: आदल्या दिवशी उरकायची कामं

टीव्हीची खरी परीक्षा ॲनिमेशनपट घेतो. जिवंत माणसांच्या सिनेमात चेहऱ्यांचा पोत, कपड्यांच्या सुरकुत्या, धूळ, धूर या गर्दीत टीव्हीच्या खोड्या खपून जातात. रंगवलेल्या आकाशात त्यांना लपायला जागाच नसते. संध्याकाळचं आभाळ वरून खाली जांभळ्यातून केशरी होत जातं तिथे थांबवून बघा. रंग हळूहळू उतरण्याऐवजी पट्टे दिसले तर चूक सिनेमाची असेलच असं नाही. ८ बिट चित्रात लाल, हिरव्या आणि निळ्याच्या प्रत्येकी २५६ छटा असतात, १० बिटमध्ये १०२४. सपाट रंगांवर हा फरक लगेच उघडा पडतो. तेव्हा नवा टीव्ही घ्यायला निघाला असाल तर स्फोट आणि धबधबे बघत बसू नका, एखादा ॲनिमेशनपट लावून मागा. आणि घरच्याच टीव्हीवर बघणार असाल तर आधी तो नीट लावून घ्या. बहुतेक घरांत टीव्ही चांगला असतो, तो लावलेला वाईट असतो.

सुरुवात आदल्या दिवशी. आमच्याकडे एकदा सगळी पोरं सतरंजीवर बैठक मारून बसली, दिवे मालवले आणि ॲपने अपडेट मागितलं. ते झालं तर पासवर्ड विचारला, जो घरातल्या कुणालाच आठवेना. चित्र सुरू झालं तेव्हा धाकटी झोपली होती. म्हणून आदल्या दिवशी टीव्ही आणि ॲप दोन्ही अपडेट करा, लॉगिन तपासा, सिनेमा प्रत्यक्ष लावून पाच मिनिटं चालू द्या. रिमोटचे सेल बदला. वायफाय रखडत असेल तर टीव्हीला सरळ लॅनची, म्हणजे राउटरपासून येणारी इंटरनेटची केबल जोडा. टीव्हीची लॅनची जागा बहुतेकदा १०० एमबीपीएसचीच असते, पण फोरके, म्हणजे अतिबारीक तपशिलाच्या सिनेमालाही तेवढं पुरून उरतं.

मग पिक्चर मोड. दुकानातल्या झगझगाटात उठून दिसावा म्हणून टीव्हीत भडक मोड असतो, विव्हिड किंवा डायनॅमिक नावाचा. घरात तो नको. सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड निवडा. पहिली दहा मिनिटं चित्र पिवळट वाटेल, वाटू द्या. सिनेमा ज्या पांढऱ्यावर तयार होतो तो साधारण ६५०० केल्व्हिनचा असतो (केल्व्हिन म्हणजे पांढरा किती पिवळट की निळसर ते सांगणारं माप). टीव्हीवरचा ‘वॉर्म’ पर्याय त्याच्या जवळ जातो आणि ‘कूल’ निळसर असतो. डोळा एकदा रुळला की जुनंच चित्र आजारी दिसायला लागतं.

आता हालचालीचं सेटिंग, आणि इथे मी हट्टी आहे. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे स्थिर चित्रं असतात. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये बरेचदा एकच चित्र दोन फ्रेम धरलेलं असतं, म्हणजे सेकंदाला बाराच चित्रं. उडी, ठेच, डोळ्याची उघडझाप यांचा ठेका चित्रकाराने त्या बारांत बसवलेला असतो. टीव्ही मात्र स्वतःचं डोकं चालवून मधल्या मधल्या फ्रेम बनवून भरतो. उड्या मारणारं पात्र पाण्यात पोहल्यासारखं सरकतं, आणि हात जोरात फिरला की बोटांभोवती चित्र विरघळतं. हे सेटिंग सॅमसंगवर पिक्चर क्लॅरिटी किंवा ऑटो मोशन प्लस, एलजीवर ट्रूमोशन आणि सोनीवर मोशनफ्लो या नावांनी सापडेल. बंद करा. पाहुण्यांपैकी कुणीतरी ‘असंच छान स्मूथ दिसतंय की’ म्हणेल, त्याच्या हाती रिमोट देऊ नका.

शार्पनेसचंही तसंच. काळ्या बाह्यरेषेचं पात्र फिक्या भिंतीपुढे उभं असेल तिथे पॉज करा आणि पडद्याजवळ जाऊन बघा. रेषेला पांढरी किनार दिसली तर ती टीव्हीने काढलीय. ती जाईपर्यंत शार्पनेस उतरवा. काही टीव्हींवर शून्यावर जाते, काहींवर मधल्या आकड्यावर, म्हणून आकडा पाठ करण्यापेक्षा डोळ्याने ठरवा. जुना, चौकोनी चौकटीचा सिनेमा असेल तर डाव्या-उजव्या काळ्या पट्ट्या राहू द्या. पडदा भरावा म्हणून ताणलं की सगळी पात्रं बुटकी होतात. बाहेरून एखादं यंत्र एचडीएमआयने जोडलं असेल तर त्या पोर्टचं, पूर्ण दर्जाचं चित्र आत घेणारं ‘एन्हान्स्ड’ सेटिंग चालू आहे ना, एवढं बघा.

बसायच्या जागेचा हिशोब सोपा आहे. ५५ इंची टीव्ही साधारण १२२ सेंटिमीटर रुंद असतो, आणि त्यापासून सव्वादोन मीटरवर बसलं की पडदा डोळ्यांपुढे ३० अंश व्यापतो. सिनेमासाठी पावणेदोन मीटरपर्यंत पुढे सरकायला हरकत नाही. मुलं जमिनीवर कडेकडेला पसरतात, आणि बऱ्याच एलसीडी टीव्हींचे रंग बाजूने बघताना धुतल्यासारखे होतात. म्हणून लहानांना मधोमध बसवा, मोठ्यांना कडेला. टीव्ही स्टँडवर असेल तर त्याचा पट्टा भिंतीला किंवा फर्निचरला आवळलेला हवा. हे काम उद्यावर टाकू नका, चढणारं मूल टीव्ही अंगावर ओढून घेतं.

खोलीत मिट्ट काळोख नको. डिसेंबर १९९७ मध्ये जपानात पोकेमॉन मालिकेच्या एका भागात लाल-निळा प्रकाश सेकंदाला साधारण बारा वेळा लुकलुकला आणि ६०० हून अधिक जणांना, बहुतेक मुलांना, रुग्णालयात न्यावं लागलं. ‘उजेडात बसा, टीव्हीपासून लांब बसा’ ही तिथल्या कार्टूनच्या सुरुवातीची सूचना त्यानंतर रुळली. टीव्हीच्या पाठीमागे भिंतीवर पडणारा मंद पांढरा दिवा ठेवा. डोळ्यांना आराम पडतो आणि पडद्यावरचा काळा रंग अधिक काळा भासतो. घरात कुणाला फिट येत असतील तर लुकलुकत्या दृश्यांची सूचना आधी वाचा.

आवाज. पातळ टीव्हीत स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात, त्यामुळे गाणी दणदणतात आणि संवाद पुटपुटतात. साउंडबार असेल तर तो एआरसी लिहिलेल्या एचडीएमआय पोर्टलाच लावा, टीव्हीचा आवाज तिथूनच बाहेर जातो. नसेल तर टीव्हीचं आउटपुट स्टिरिओ ठेवा आणि संवाद स्पष्ट करणारा पर्याय चालू करा. रात्री उशिरा बघणार असाल तर दणदणते आवाज दाबणारा नाइट मोड. भाषाही आधी लावून ठेवा. पाच वर्षांच्या मुलाला सबटायटल वाचता येत नाहीत, आणि ती वाचून दाखवत बसलं की चित्र कुणीच बघत नाही.

सिनेमा निवडताना मात्र ‘कार्टूनच तर आहे’ म्हणून गाफील राहू नका. एप्रिल १९८८ मध्ये जपानच्या स्टुडिओ जिब्ली या ॲनिमेशन कंपनीने दोन चित्रपट एकाच खेळात लावले होते: ‘माय नेबर तोतोरो’ आणि ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’. पहिल्यात रानात राहणारा केसाळ, गुबगुबीत प्राणी आहे, दुसऱ्यात युद्धात उपाशी मरणारी भावंडं. एकाच कंपनीचे, एकाच दिवशीचे, दोन्ही हाताने रंगवलेले. तेव्हा वयाचं प्रमाणपत्र बघा, आणि शक्य असेल तर एकट्याने आधी पाहून घ्या. तोतोरो ८६ मिनिटांत संपतो. चार-पाच वर्षांच्या पोरांची बैठक तेवढीच असते. दोन तासांचा सिनेमा असेल तर मध्यंतर कुठे घ्यायचं ते आधी ठरवा, नाहीतर ऐन पाठलागात कुणाला तरी शू लागते.

पडदा पुसायचं राहिलंच. टीव्ही बंद, गार झालेला, कोरडं मायक्रोफायबर कापड, हलका हात. काचेसाठीचा अमोनियावाला फवारा पडद्यावरचा थर खराब करतो.

पुढचं आपोआप सुरू होण्याचं सेटिंग ॲपमध्ये बंद करा, म्हणजे शेवटची नावं कोपऱ्यात चेपली जाणार नाहीत आणि नावांनंतरचा एखादा छोटा प्रसंग हुकणार नाही. आणि टीव्ही ओएलईडी (पडद्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळणारा) असेल तर मुलं निजायला गेल्यावर भिंतीवरचं बटण लगेच दाबू नका. रिमोटने बंद केल्यावर तो स्टँडबायमध्ये पडद्याची देखभाल उरकतो, त्याला थोडा वेळ द्या.