कॉर्पोरेट जेटचं टाइप रेटिंग: पैसे भरण्याआधी या चुका टाळा

सगळ्यांत महाग पडणारी चूक आधी सांगतो. कमर्शियल लायसन्स हातात येतं, लॉगबुकात अडीचशे-तीनशे तास जमतात आणि काही जण स्वतःच्या खर्चाने थेट एखाद्या मोठ्या जेटचं टाइप रेटिंग (ते ठरावीक विमान उडवण्याची लायसन्सवरची परवानगी) करून टाकतात. ऑपरेटरचा (विमान चालवणाऱ्या कंपनीचा) प्रशिक्षणाचा खर्च वाचला की तो आपल्यालाच घेईल, अशी समजूत असते. पण कोणाला सीटवर बसवायचं यात विमा कंपनीचा शब्द फार मोठा असतो. पॉलिसीत एकूण तास, जेटवरचे तास, त्या टाइपवरचे तास आणि गेल्या बारा महिन्यांतलं सिम्युलेटर प्रशिक्षण, अशा अटी असतात. त्यात बसला नाहीत तर लायसन्सवरची ती नवी ओळ तशीच पडून राहते. म्हणून ऑपरेटरशी बोलताना जागा आहे का हे विचारण्याआधी, त्यांच्या विम्याला उजव्या सीटसाठी (को-पायलटच्या जागेसाठी) किती तास चालतात, हे विचारा. कमी तासांच्या वैमानिकाला टर्बोप्रॉप (टर्बाइनवर फिरणाऱ्या पंख्याचं विमान) किंवा हलक्या जेटची उजवी सीट मिळण्याची शक्यता कितीतरी जास्त असते, आणि तिथे रेटिंग बहुधा ऑपरेटरच करून देतो.

विमान निवडताना त्याच्या रुबाबाकडे पाहू नका. एकाच रेटिंगमध्ये किती मॉडेल येतात आणि ती किती ठिकाणी उडतात, हे पाहा. अमेरिकी नियमांत सीई-५२५ हे एक रेटिंग सायटेशन सीजे, एम-२ पासून सीजे-४ पर्यंत चालतं. सीएल-६०४ मध्ये चॅलेंजर ६०४, ६०५ आणि ६५० येतात. सीएल-३० मध्ये ३०० आणि ३५०. उलट हॉकर ४००० शंभरपेक्षाही कमी बनलं. त्याचं रेटिंग घेऊन नोकरी शोधणं म्हणजे मोजक्याच दारांवर थाप मारणं. लिअरजेटचं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं, तरी ती विमानं अजून कामावर आहेत. तेव्हा उत्पादन बंद झालं एवढ्यावरून टाइप बाद करू नका. आसपास किती उडतात ते मोजा.

रेटिंग एक म्हणजे कॉकपिट एक, असंही नसतं. सीजे-३ मध्ये प्रो लाइन २१ ही कॉकपिट यंत्रणा आहे, सीजे-३ प्लसमध्ये गार्मिन जी-३०००. मॉडेल बदललं की डिफरन्सेस ट्रेनिंग (फरकांपुरतं प्रशिक्षण) लागतं. अर्जात नुसतं रेटिंगचं नाव न लिहिता मॉडेल आणि एव्हिऑनिक्सही (कॉकपिटमधली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) लिहा.

लायसन्सवर रेटिंगखाली छापलेल्या मर्यादा अनेक जण वाचतच नाहीत. 'एसआयसी प्रिव्हिलेजेस ओन्ली' असेल तर ते फक्त को-पायलटचं रेटिंग आहे. अर्जात मोघम 'टाइप रेटेड' लिहिलंत तर मुलाखतीत विश्वास गमावाल. चेकराइडमध्ये (रेटिंगच्या उड्डाण परीक्षेत) सर्कलिंग अप्रोच (धावपट्टीभोवती वळसा घेऊन उतरणं) दाखवला नाही, तर तो फक्त व्हीएमसीमध्ये (स्वच्छ दृश्यमानतेच्या हवामानात) करण्याची मर्यादा येते. म्हणून कोर्समध्ये सर्कलिंग आहे का, ते आधीच विचारून घ्या. पूर्ण रेटिंग सिम्युलेटरमध्ये झालं आणि जेटचा पुरेसा अनुभव नसेल, तर कॅप्टन म्हणून उडण्याआधी देखरेखीखाली २५ तास काढण्याची अट पडू शकते. हे तास कुठल्या विमानावर काढणार, हे कोर्सला जाण्याआधीच ठरलेलं हवं. नंतर ते जुळवताना फार ओढाताण होते.

लॉगबुकाचा घोळ यापेक्षा गंभीर आहे. रेटिंग असलेल्या को-पायलटने कंट्रोल्स हाताळताना तो वेळ पीआयसी (पायलट इन कमांड, म्हणजे कॅप्टन) म्हणून नोंदवणं अमेरिकी नियमांत चालतं. युरोपीय नियमांत तेवढ्यावरून तो वेळ सरसकट पीआयसी धरता येत नाही. आणि नोकरी देणारा विचारतो ते विमानाची जबाबदारी ज्यावर होती ते तास. दोन्ही आकडे वेगवेगळ्या रकान्यांत ठेवा.

आता सिम्युलेटर, कारण गाडी बहुधा तिथेच अडते. हलक्या-मध्यम जेटचा पहिला कोर्स साधारण दोन ते तीन आठवड्यांचा असतो आणि तिथे मेमरी आयटम्स (आणीबाणीत न वाचता करायच्या कृती) पाठ करत बसायला वेळ मिळत नाही. मेमरी आयटम्स, लिमिटेशन्स (विमानाच्या मर्यादा) आणि फ्लो (कॉकपिटमध्ये हात फिरवण्याचा ठरलेला क्रम) घरूनच पक्के करून जा. कॉकपिटचं मोठं चित्र भिंतीवर लावून, बोट ठेवत, मोठ्याने कॉलआउट म्हणत सराव करा. एफएमएसमध्ये (मार्ग सांभाळणाऱ्या उड्डाण-संगणकात) रूट भरणं आणि अप्रोच बदलणं बोटांना आधीच माहीत हवं, नाहीतर उडवण्याचं लक्ष तिथेच खर्च होतं.

व्ही-वन कटला (टेकऑफ थांबवण्याचा निर्णय घेण्याच्या शेवटच्या गतीला एक इंजिन बंद पडण्याच्या सरावात) गडबड ठरलेली असते: नाक एका बाजूला वळतं आणि हात आधी एलेरॉनकडे (विमान कलवणाऱ्या नियंत्रणाकडे) जातो. स्पॉयलरवाल्या जेटमध्ये पंखावरच्या या झडपा वर उठतात, ड्रॅग (हवेचा रोध) वाढतो, चढण घटते. हेडिंग (दिशा) आधी रडरनेच (पायाने चालणाऱ्या शेपटीच्या नियंत्रणाने) धरा, ठरलेल्या गतीला हळू रोटेट करा (नाक उचला), पॉझिटिव्ह रेट (विमान चढू लागल्याची खूण) दिसल्यावर गिअर वर, मग व्ही-टू (एका इंजिनावर सुरक्षित चढण्याची गती). बहुतेक प्रक्रियांत निदान ४०० फुटांपर्यंत चेकलिस्टला हात लावायचा नसतो. तिथे घाई करणारे चुकीचं इंजिन बंद करण्याच्या टोकापर्यंत जातात. अमेरिकी एटीपी (सर्वोच्च वैमानिक लायसन्स) चाचणीत इथे हेडिंगसाठी ५ अंश आणि वेगासाठी ५ नॉटची सूट असते. ट्रिम (पायावरचा जोर कमी करणारी जुळवणी) लवकर लावा, म्हणजे पाय थरथरणार नाही.

नोकरी मिळाली की बाँड (लवकर सोडल्यास प्रशिक्षणाचा खर्च परत करण्याचा करार) येतो. सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: रक्कम दर महिन्याला कमी होते का, त्यांनीच काढलं तर काय, आणि विमान विकलं गेलं तर काय. तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात. मालकाने विमान विकणं या क्षेत्रात नेहमीचं आहे आणि त्यासोबत वैमानिकाची जागाही जाते.

अर्जात फक्त तास लिहू नका. परमिट, स्लॉट, कस्टम्सची आगाऊ सूचना, इंधन, हॉटेल, केटरिंग ही कामं छोट्या फ्लाइट डिपार्टमेंटमध्ये वैमानिकच करतात. ती केली असतील तर स्पष्ट लिहा. लांब पल्ल्याच्या जेटसाठी आरव्हीएसएम (जास्त उंचीवर कमी उभ्या अंतराने उडणं), सीपीडीएलसी (नियंत्रकाशी मजकुराने संपर्क) आणि उत्तर अटलांटिकचा अनुभवही लिहा.

रेटिंग घेतलं आणि वर्षभर बसून राहिलात, तर? अमेरिकी रेटिंग संपत नाही, पण जेटवर पीआयसी म्हणून उडायला दर १२ महिन्यांनी प्रोफिशिअन्सी चेक लागतो. युरोपीय रेटिंगची मुदत एक वर्षाची. संपण्याआधीच्या तीन महिन्यांत चेक दिला तर पुढची मुदत जुन्या तारखेपासूनच मोजली जाते. मुदत उलटून गेली असेल तर प्रशिक्षण संस्थेकडून किती रिफ्रेशर लागेल याचं मूल्यांकन लेखी घ्या, मगच सिम्युलेटरचा स्लॉट बुक करा. आधी स्लॉट घेतला आणि तास वाढले, तर पैसे दोनदा जातात.