दांडेलीला निघण्याआधी नऊ जणांची तयारी

यंदा आमच्या सोलापूरच्या घरातले नऊ जण एकत्र जंगल बघायला निघणार आहेत. अण्णा ७७ वर्षांचे, आई ७२ च्या, आम्ही दोघं, १३ वर्षांची मुलगी, ६ वर्षांचा मुलगा, आणि लातूरहून येणारी नणंद, तिचे मिस्टर, त्यांची १० वर्षांची लेक. मी या घरची सून, त्यामुळे यादी माझ्याकडे. तीच इथे सविस्तर लिहिते आहे, कारण म्हातारी माणसं आणि लहान मुलं बरोबर घेऊन जंगलात जायचं तर बॅग भरण्याच्या कितीतरी आधी विचार करावा लागतो. मागच्या खेपेला तो आम्ही केला नव्हता.

तेव्हा आम्ही वाघ ठरवला आणि मग माणसं त्यात बसवली. तीन तास उघड्या जीपमध्ये आई एक शब्द बोलल्या नाहीत. संध्याकाळी त्यांना दोन पायऱ्या उतरता येईनात, तेव्हा कळलं की गुडघा पहाटेपासून दुखत होता. शिवाय मध्ये कुठे उतरता येत नाही म्हणून त्यांनी सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. त्यांचं ते गप्प बसणं मला अजून टोचतं. म्हणून यंदाच्या यादीत सगळ्यात वर एकच प्रश्न लिहिला: आईंना खुर्चीत बसून काय दिसेल?

या प्रश्नावर दांडेली उभी राहते. उत्तर कन्नड जिल्ह्यातलं हे सह्याद्रीचं पावसाळी, दाट रान. १९५६ पासून अभयारण्य, आणि आता काळी व्याघ्र प्रकल्पाचा भाग. याच सह्याद्रीतल्या ३९ ठिकाणांना युनेस्कोने २०१२ मध्ये जागतिक वारशात घेतलं. आपल्याकडे माळरान, बाभळी आणि कोरडं ऊन. तिथे डोक्यावर झाडांचं छत आणि पायाखाली ओला पाचोळा. सोलापुरी मुलांनी हे रान एकदा तरी बघावं. आईंसाठी महत्त्वाचं ते गणेशगुडीला आहे. कर्नाटक सरकारच्या जंगल लॉजेसचं तिथे ओल्ड मॅगझिन हाऊस नावाचं ठिकाण आहे. पाखरांसाठी उथळ पाण्याची भांडी ठेवलेली असतात आणि माणसं समोर गुपचूप बसतात. शामा, बुलबुल, कस्तूर असे पक्षी स्वतःहून खाली उतरून आंघोळ करतात. तिथे मुक्काम करायचा की शेजारी कुठे राहून परवानगीने जाऊन बसायचं, हे आधी फोन करून ठरवून घ्या.

वाघाबद्दल मुलांशी निघण्याआधीच बोलायचं. नाव व्याघ्र प्रकल्प असलं तरी रान इतकं गच्च आहे की तिथे वाघ क्वचितच दिसतो. मुलाच्या वहीत मी दिसण्यासारख्या गोष्टींची चित्रं काढून दिली आहेत: गवा, सांबर, भेकर, काळी नदीतली मगर, झाडाच्या बुंध्याला चिकटलेला उडता सरडा, आणि शेकरू. शेकरू आपल्या राज्याचा प्राणी, पण सोलापुरातल्या मुलाने तो बघितलेला नसतो. सगळ्यात मोठं चित्र धनेश पक्ष्याचं. सह्याद्रीत धनेशाच्या चार जाती आहेत आणि चारही दांडेलीत दिसतात. विणीच्या दिवसांत मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा, माती यांनी तोंड लिंपून स्वतःला आत कोंडून घेते. एक फट तेवढी उरते. कित्येक आठवडे नर त्या फटीतून तिला आणि पिल्लांना उंबराची, वडाची फळं भरवतो. हे सांगितलं तेव्हा अण्णांनी वही मागून घेतली आणि चित्राखाली स्वतःच्या अक्षरात ‘धनेश’ लिहिलं. ढोलीच्या झाडाजवळ मात्र कुणी नेतो म्हणालं तरी जायचं नाही. माणसं उभी दिसली तर नर चारा घेऊन येत नाही.

तारीख ठरवताना आमच्याकडे गड्डा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा, आडवा येतो. संक्रांतीला नंदीध्वज निघालेले असताना अण्णा गावाबाहेर पाऊल टाकणार नाहीत, आणि टाकूही नये. म्हणून जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ धरला आहे. पावसाळा मागे पडलेला असतो, रस्त्यावर जळवा नसतात, उकाडा सुरू व्हायचा असतो आणि धनेशांची लगबग सुरू झालेली असते. मुलांची दोन दिवसांची शाळा बुडेल. वर्गशिक्षिकांना आधी सांगून ठेवलं आहे. शनिवार-रविवार मुद्दाम टाळला, कारण त्या दोन दिवसांत दांडेलीत राफ्टिंगला येणाऱ्यांची गर्दी असते आणि आपल्याला शांतता हवी आहे.

आता ज्या गोष्टीचा आम्हाला सगळ्यात जास्त उपयोग झाला ती सांगते. निघायच्या महिनाभर आधी एका रविवारी पहाटे सगळ्यांना नान्नजला नेलं. बार्शी रस्त्यावर सोलापूरपासून साधारण २० किलोमीटरवर आपलं माळढोक अभयारण्य आहे, १९७९ पासूनचं. माळढोक आता दिसणं जवळपास संपलं आहे, याचं दुःख आहेच. पण काळविटांचे कळप आहेत, नशिबात असेल तर लांडगा आहे. आम्ही गेलो ते रंगीत तालमीसाठी. कोण किती वेळ गप्प बसू शकतं? मुलगा पंचवीस मिनिटं. आईंना किती वेळाने पाय लांब करावा लागतो? चाळीस मिनिटं. भाची गाडी हलली की डोकं धरते, अण्णांना पहाटेच्या गारठ्यात खोकला येतो. हे सगळं घरात बसून कळत नाही. त्या दिवशीच्या आकड्यांवर पुढची सगळी आखणी केली.

दुर्बिणीची ओळखही तिथेच झाली. दुकानदार जास्त पॉवरची गळ्यात मारतो, तसं करू नका. दुर्बिणीवर ८×४२ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. १० पटीची दुर्बीण म्हाताऱ्या हातात थरथरते आणि चित्र नाचतं. ८ पट पुरे. दाट रानात उजेड कमी, म्हणून ४२ चं भिंग बरं. मुलांना ८×३२ ची हलकी द्यावी. चष्मा असेल तर डोळ्यांकडची रबरी कडी आत दुमडायची, नाहीतर कडेने काळं दिसतं. अण्णांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. कडी दुमडून दिल्यावर त्यांनी काळविटाची शिंगं बघितली आणि किती पीळ आहेत ते मोठ्याने मोजायला लागले.

खोली घेताना फोटोवर जाऊ नका. गाडी थांबते तिथून खोलीपर्यंत किती पायऱ्या, कमोड आहे का, न्हाणीघराची फरशी गुळगुळीत आहे का, हे विचारा आणि मोबाईलवर चालत चालत व्हिडिओ काढून पाठवायला सांगा. मुलांना तंबू हवा असतो; आई-अण्णांना तळमजल्याची पक्की खोली घ्या. ओळखपत्रं मूळ न्या आणि बुकिंगवरचं नाव त्यांच्याशी अक्षर न् अक्षर जुळवा. आईंच्या आधारवर माहेरचं नाव निघालं, ते वेळीच दिसलं म्हणून बरं. नेटवर्क जाईल हे धरून महत्त्वाचे नंबर कागदावर आणि थोडी रोकड खिशात.

रस्ता सोपा आहे. सोलापूर, विजयपूर, कोल्हारचा कृष्णेवरचा पूल, नरगुंद, नवलगुंद, हुबळी-धारवाड, मग हल्याळवरून दांडेली. साडेतीनशे किलोमीटरच्या वर भरतं. आम्ही टेम्पो ट्रॅव्हलर केली, कारण नऊ जण एका गाडीत असले की थांबण्याचा निर्णय एकच होतो. दर दीड तासाला दहा मिनिटं थांबायचं, कुणाला गरज असो वा नसो. कोल्हारला मडक्यातलं दही मिळतं. घरच्या भाकरीबरोबर जेवण तिथेच. हल्याळनंतर रान आणि वळणं सुरू होतात, तेव्हा गाडी लागणाऱ्या मुलांना गोळी त्याच्या अर्धा तास आधी. आईंचं माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळे कन्नड त्यांच्या तोंडी आहे. ड्रायव्हरला आणि वाटाड्याला ‘सावकाश होग्री’ म्हणण्याचं काम त्यांच्याकडे. मुलांना त्यांनी वाघाला ‘हुली’ आणि धनेशाला ‘मंगट्टे’ शिकवून ठेवलं आहे.

औषधांची दोन पाकिटं करायची, एकसारखी. एक आईंच्या पर्समध्ये, दुसरं माझ्याकडे. एक बॅग हरवली तरी रक्तदाबाची गोळी चुकता कामा नये. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कारण परगावी तीच कंपनी मिळेलच असं नाही. अण्णांचं इन्सुलिन गार पिशवीत, पण बर्फाला चिकटवून नाही. गोठलं की ते निकामी होतं. गाडीच्या काचेखाली तर मुळीच नको. ज्यांना लघवीची गोळी चालू आहे त्यांनी सफारीच्या दिवशी ती किती वाजता घ्यायची हे डॉक्टरांना विचारून घ्या. मागच्या वेळी हा एक प्रश्न विचारला असता तर आई तहानलेल्या बसल्या नसत्या. नी कॅप, गरम पाण्याची पिशवी, ओआरएस. तिथल्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि तहान उशिरा कळते. आणि एक लहानसं प्लास्टिकचं स्टूल. जीपची पायरी उंच असते, स्टूल ठेवलं की आई कुणाचा हात न धरता चढतात.

कपडे मातकट, हिरवट, पूर्ण बाह्यांचे. पांढरं आणि लालभडक घरीच ठेवा. आई साडीच नेसणार, तर मळखाऊ रंगाचं जुनं सुती इरकल काढलं आहे. जीपमध्ये पदर खोचून घ्यायचा. पहाटे उघड्या जीपमध्ये वारा बोचतो. स्वेटर सगळे घेतात, गुडघे मात्र उघडे राहतात. म्हणून दोन सोलापुरी चादरी. एक आई-अण्णांच्या मांडीवर, दुसरी मुलांच्या. रात्री त्या दोरीवर टाका. दमट हवेत घडी करून ठेवल्या तर वास धरतात.

खाण्याचं सोपं आहे. कडक भाकरी, शेंगाचटणी, धपाटे. भाकरी-चटणी चार दिवस हसत टिकते, धपाटे पहिल्या दोन दिवसांत संपवा. फक्त जंगलात डबा उघडायचा नाही आणि माकडांना शेंगदाणाही टाकायचा नाही.

मुलांना तीन गोष्टी बजावल्या आहेत. काळी नदीत मगरी आहेत, तेव्हा काठावर मोठ्या माणसाशिवाय जायचं नाही. अंधार पडला की खोलीच्या दारापासून बॅटरी हातात आणि पायात बूट. त्या रानात चापडा जातीचे साप आहेत, आणि आपल्याकडची नेहमीची सर्पविषाची लस त्यांच्या विषावर चालत नाही. साप चावलाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही न करता, माणसाला हलू न देता थेट दवाखाना, रुग्णवाहिकेसाठी १०८. तिसरी गोष्ट गोचिडांची. शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या रानात १९५७ मध्ये सापडलेला माकडताप गोचिडांमुळे पसरतो. उत्तर कन्नडच्या काही भागांत तो जानेवारी ते मे या कोरड्या महिन्यांत डोकं वर काढतो. मेलेलं माकड दिसलं तर तिथून मागे फिरायचं आणि वनखात्याला कळवायचं. पँट मोज्यांत खोचायची, पाचोळ्यात बसायचं नाही, मच्छर-गोचिडांचं मलम लावायचं, आणि संध्याकाळी गरम पाण्याने आंघोळ करताना काखा, कानामागची जागा, गुडघ्यामागची घडी बघायची. लहानांची मोठ्यांनी, आईंची मी.

दिवसाची आखणी अर्ध्या-अर्ध्या दिवसाची. सकाळी सफारी असेल तर दुपारी झोप आणि संध्याकाळी पाण्याच्या भांड्यांसमोर खुर्च्या. एका दिवसात दोन सफाऱ्या नाहीत. प्रत्येक फेरीला एक मोठा माणूस मागे राहणार आणि पाळी आळीपाळीने. पहिल्या दिवशी माझी. मागे राहणाऱ्याबरोबर राहायचं की जायचं हे आई-अण्णा त्या सकाळी ठरवतील, आणि त्यांना कुणी आग्रह करणार नाही.

परत आल्यावर बॅगा घरात नेऊ नका. अंगणात उघडायच्या, बूट उलटे करून आपटायचे, चादरी कडक उन्हात दोन्ही बाजूंनी टाकायच्या, कपडे सरळ गरम पाण्यात. माकडतापाची लक्षणं साधारण तीन ते आठ दिवसांनी दिसतात, म्हणून कॅलेंडरवर आल्यानंतरचे दहा दिवस पेन्सिलीने धरून ठेवले आहेत. तेवढ्यात कुणालाही जोराचा ताप आणि डोकेदुखी आली तर घरगुती काढा करत बसायचं नाही. दवाखान्यात गेल्या गेल्या पहिलं वाक्य हेच, ‘डॉक्टर, आम्ही दांडेलीच्या जंगलात जाऊन आलोय.’