जुन्या, कमी खर्चातल्या ब्रिटिश रोमँटिक कॉमेडीवर मत कसे लिहावे

अशा चित्रपटावर लिहायला बसले की 'जुनाट' आणि 'स्वस्तातला' हे दोन शब्द आधी हजर होतात. ते वापरण्यापूर्वी एक कष्टाचे काम करावे: चित्रपटात जे खटकले त्यातले किती पैशाअभावी घडले, किती काळामुळे आणि किती दिग्दर्शकाने समजून-उमजून केले, याची वेगवेगळी नोंद काढावी. बिल फोर्साइथ यांचा १९८१ चा 'ग्रेगरीज गर्ल' त्यासाठी उत्तम नमुना आहे. सुमारे २ लाख पौंडांत, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोजवळच्या कंबरनॉल्ड या नव्याने वसवलेल्या शहरात तो चित्रित झाला आणि त्यातली बरीच मुले ग्लासगो युथ थिएटरमधून आली होती.

चित्रपट दोनदा पाहावा. पहिल्यांदा वही बाजूला ठेवावी. दुसऱ्यांदा, आपण नेमके कुठे हसलो आणि कुठे अवघडलो, त्या जागा टिपून घ्याव्यात. आपल्यापुढे कोणती प्रत आहे, हेही तपासावे, कारण अमेरिकेतल्या प्रदर्शनासाठी या चित्रपटातले स्कॉटिश उच्चार सौम्य करून संवाद पुन्हा ध्वनिमुद्रित केले गेले होते. ती प्रत पाहून संवादफेक बेचव आहे असे लिहिणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखे होईल.

पैशाचा प्रश्न पाहताना, जे नव्हते त्याच्या जागी काय आणले, हे शोधावे. शेवटाकडे शाळकरी नायक ग्रेगरी आणि त्याच्याच शाळेतली सुझन संध्याकाळी बागेतल्या गवतावर उताणे पडून केवळ हातांनी नाचतात, आणि तो तिला समजावत असतो की पृथ्वी भयंकर वेगाने फिरते आहे व गुरुत्वाकर्षणामुळेच आपण तिला चिकटून आहोत. या दृश्याला गवत आणि मावळतीचा प्रकाश यांखेरीज फारसे काही लागलेले नाही, तरी प्रेमात पडल्यावर डोके कसे गरगरते ते त्यात नेमके उतरले आहे. शाळेच्या बोळांतून पेंग्विनचा पोशाख घातलेले कोणीतरी या वर्गातून त्या वर्गात धाडले जात राहते, त्याचाही खुलासा कोणी करत नाही. एका पोशाखाच्या खर्चात दिग्दर्शकाने अनेक हशे वसूल केले आहेत. कमकुवत प्रकाशयोजना किंवा कच्चा ध्वनी यांचा उल्लेख एका वाक्यात आटोपावा. संवाद पोकळ असतील तर मात्र खर्चाची सबब मान्य करू नये. कागद सगळ्यांना सारख्याच भावाने मिळतो.

काळाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. शाळेतल्या मुलांच्या फुटबॉल संघात डोरोथी ही मुलगी निवड चाचणीला येते तेव्हा प्रशिक्षकाची जी तारांबळ उडते, ती आज अतिरंजित वाटू शकते. पण इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने १९२१ मध्ये आपल्या क्लबांच्या मैदानांवर स्त्रियांच्या सामन्यांना घातलेली बंदी उठायला सुमारे ५० वर्षे लागली आणि स्कॉटलंडने त्याहूनही उशीर केला, हे ठाऊक असले की विनोदाचा रोख त्या प्रशिक्षकावरच आहे हे ध्यानात येते. हसू कोणावर ओढवले आहे, हा प्रश्न प्रत्येक खटकलेल्या दृश्याला विचारावा. याच चित्रपटाच्या सुरुवातीला मुले खिडकीतून कपडे उतरवणाऱ्या नर्सला चोरून पाहतात. हसे मुलांचेच होते खरे, परंतु कॅमेराही त्यांच्या शेजारी उभा राहून तेच पाहतो, आणि म्हणून ते दृश्य मला हिणकस वाटते. 'तेव्हा असेच चालायचे' एवढ्यावर त्याला माफी देऊ नये. तसेच त्या एका दृश्यापायी उरलेला चित्रपट निकालातही काढू नये.

तुलना करायची तर तोलामोलाच्या कृतीशी करावी. 'फोर वेडिंग्ज अँड अ फ्युनरल' (१९९४) हाही कमी खर्चातला म्हणूनच ओळखला जातो, पण त्याचा खर्च ३० लाख पौंडांच्या आसपास होता, म्हणजे महागाई बाजूला ठेवली तर जवळजवळ पंधरापट. त्यातल्या सुखवस्तू इंग्रज लग्नघरांचे आणि कंबरनॉल्डच्या काँक्रीटचे जगही एक नव्हे, त्यामुळे 'ब्रिटिश विनोद' असा सरसकट शिक्का मारण्याआधी हात आवरावा.

लिहिताना मत पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकावे आणि त्याला एखाद्या दृश्याचा पुरावा जोडावा. 'निरागस' व 'मनाला भिडणारा' हे शब्द परीक्षणांत इतके झिजले आहेत की त्यांनी वाचकाला काहीच कळत नाही. 'मांडणी जुनाट वाटते' याऐवजी 'पहिल्या दृश्यातला विनोद आज हसवत नाही, पण पेंग्विन अजूनही हसवतो' असे लिहिले, तर वाचकाला वाद घालायला काहीतरी हाती लागते. शेवट शक्यतो उघड करू नये (मी वर नेमके तेच केले आहे, याची मला जाणीव आहे). तारे द्यायचेच असतील तर मजकूर लिहून झाल्यावर द्यावेत, आणि आकडा मजकुराशी जुळत नसेल तर आकडा बदलावा.