मृगाआधी नाल्याकाठच्या वावरांची तयारी

मृगाचे पहिले दोन-तीन जोरदार पाऊस काळ्या वावराचं सर्वात जास्त नुकसान करतात. वखरलेली भुसभुशीत जमीन, वर पिकाचं पानही नाही. नाल्याला चहासारखं पाणी येतं ते इथूनच. त्या गाळासोबत स्फुरद (फॉस्फरस) जातो, कारण तो मातीच्या कणाला चिकटून असतो. युरिया मात्र पाण्यात विरघळतो, गाळ अडवला तरी तो थांबत नाही. दोघांचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो.

गाळाचं काम वरच्या वावरापासून सुरू करा. वर उताराच्या दिशेने पेरायचं आणि खाली नाल्यावर बंधारा बांधायचा, तर बंधाराच गाळाने भरतो. नाल्याला लागून असलेल्या सगळ्यांनी मिळून एकदा धुऱ्यांवरून (शेताच्या बांधांवरून) फिरावं आणि पाणी जिथे फुटतं तिथे चुन्याची खूण करावी. वरच्याने मनाला येईल तिथे धुरा फोडला की खालच्याची मेहनत वाहून जाते.

खुणेच्या जागी दगडी सांडवा, म्हणजे पाणी धुरा न फोडता बाहेर जायची वाट, घाला. पाया फूटभर खोदा, दगड दोन्ही काठांत दीड-दोन फूट आत घुसवा, मोठे दगड खालच्या अंगाला लावा. मधला भाग बाजूंपेक्षा अर्धा फूट खोल हवा. चूक नेमकी इथे होते: माथा सपाट ठेवला की पाणी कडेने वाट काढतं, काठ कापतं, आणि दगड जागेवर राहून नाली शेजारून पडते.

पेरणी उताराला आडवी करा. सोयाबीनला बीबीएफ (रुंद वरंबा-सरी पाडून पेरणारं) यंत्र मिळालं तर उत्तम. कपाशीत डवरणीच्या (ओळींमधल्या कोळपणीच्या) वेळी डवऱ्याच्या जानोळ्याला, म्हणजे पास धरणाऱ्या दांड्यांना, दोरी गुंडाळली की दोन ओळींमध्ये सरी पडते, वेगळा खर्च नाही.

नाल्याच्या काठावर तीन-चार मीटर पट्टा न वखरता सोडा. त्यात खस गवताची ठोंबं अर्ध्या फुटावर, दोन ओळींत, एकाआड एक लावा. या पट्ट्यावर तणनाशक मारू नका. काठ धरून ठेवणारं गवत जळालं की पुढच्या पुरात काठच खचतो.

युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत सुमारे २०.७ किलो नत्र असतं. पावसाचा अंदाज असताना फेकला तर त्यातलं बरंच नाल्यात जातं. कपाशीला वाफशावर (जमीन ओलसर पण चिखल नसताना), झाडाशेजारी मातीत देऊन झाका, तेही एकदम न देता थोडं थोडं करून. सोयाबीनला वरून युरिया फेकायची गरजच नसते, मुळांवरच्या गाठी नत्र देतात. तरी दरवर्षी फेकला जातो.

फवारणीचा पंप नाल्यात भरू नका, धुऊ नका. रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओता, बाटलीला भोकं पाडा. पंप धुतलेलं पाणी फवारलेल्या पिकावरच मारा.

पहिला जोराचा पाऊस झाला की दुसऱ्याच दिवशी सांडवे बघा. दगडाच्या कडेला ओली, ताजी कापलेली माती दिसली तर तिथे लगेच दगड भरा आणि मधला भाग आणखी खाली घ्या.