पेपर खरंच एका बाजूला झुकलाय का, हे घरबसल्या कसं तपासायचं (नाशिककरांसाठी)

आमच्या सिडकोतल्या टपरीवर रोज सकाळी एकजण तरी पेपर आपटून म्हणतोच की हा पेपर विकला गेलाय. गंमत म्हणजे त्याच पेपरबद्दल दुसऱ्या पक्षाचा माणूस पण तेच म्हणतो, फक्त कोणाला विकला त्याचं नाव बदलतं. मी पण त्यातलाच होतो. एकदा तर तावातावाने एका पेपरच्या ऑफिसला फोन केला, म्हटलं आमच्या प्रभागातला पाण्याचा मोर्चा तुम्ही दाबला, तिकडचा माणूस शांतपणे म्हणाला साहेब तुम्ही कुठली आवृत्ती वाचली. मी त्या आठवड्यात निफाडला सासरवाडीला होतो आणि तिथे येते डाक आवृत्ती, म्हणजे गावोगावी जाणारी, शहर आवृत्तीत पान चारवर फोटोसकट बातमी होती. फोन ठेवून दिला गुपचूप.

तर पहिलं काम हेच, आवृत्ती बघा. ई-पेपर उघडलात तर वर नाशिक शहर, ग्रामीण असं निवडायला असतं. बातमी दाबली म्हणायच्या आधी दोन्ही चाळा.

दुसरं, एक पेपर वाचून काही कळत नाही, कमीत कमी तीन पाहिजेत. तीन विकत घ्यायची गरज नाही, सावानात म्हणजे आपल्या सार्वजनिक वाचनालयात जा, 1840 पासूनची संस्था आहे, सगळे पेपर टेबलावर ओळीने मिळतात. त्यातला एखादा उघड पक्षाचा असला तरी चालेल. 'सामना' 1988 मध्ये सुरूच झाला शिवसेनेचं मुखपत्र म्हणून, त्यामुळे तो झुकलेला आहे असा शोध लावण्यात काही अर्थ नाही, उलट तुलना करायला बरा पडतो. प्रश्न असतो तो "आम्ही कोणाचेच नाही" म्हणणाऱ्यांचा.

एक वही करा आणि पंधरा दिवस एकच विषय धरा. सगळं राजकारण धरलं तर चौथ्या दिवशी वही बंद पडते, स्वानुभव. कुंभमेळ्याची कामं घ्या, तपोवनातल्या झाडांचा विषय घ्या, नाहीतर कांदा. प्रत्येक बातमीला तारीख, पान नंबर, किती कॉलम, कोणाकोणाचं म्हणणं घेतलंय, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याची बाजू आहे का नाही, एवढंच लिहायचं. मत लिहायचं नाही, ते आपोआप होतंच डोक्यात.

आता खरी मजा. हेडिंगमधली क्रियापदं वेगळी काढा. एकाच दिवशी दोन नेते बोलले, एकाने "स्पष्ट केले" आणि दुसऱ्याने "आरोप केला" किंवा "दावा केला", असं एकदा झालं तर सोडून द्या, पंधरा दिवसात सातत्याने एकाच पक्षाच्या वाट्याला "स्पष्ट केले" येत असेल तर मग खाली रेघ मारा. तसंच "कार्यकर्ते भिडले" आणि "कार्यकर्त्यांनी मारहाण केली" यात किती फरक आहे बघा, पहिल्यात मारणारा गायब. आणि "राजकीय वर्तुळात चर्चेला उधाण", "गोटात खळबळ", "सूत्रांनी सांगितले" असलं आलं की थांबायचं आणि बघायचं की अख्ख्या बातमीत एक तरी जिवंत माणूस नावानिशी बोललाय का. बहुतेकदा नसतो. उधाण कोणाच्या चर्चेला आलं, तर बातमीदार आणि त्याला फोन करणारा, दोघांच्या.

अजून एक खूण, नावामागे "मा." लागलेलं. बातमीदार सहसा मा. लिहीत नाही, प्रेसनोट पाठवणारा लिहितो. तीन पेपरात तीच वाक्यं, तोच फोटो, त्याच क्रमाने पाहुण्यांची नावं, आणि वर फक्त "नाशिक : प्रतिनिधी" असेल तर ती बातमी कोणी लिहिलेलीच नाही, ती व्हॉट्सॲपवर आली आणि लागली. याला मी पक्षपात म्हणत नाही, याला मी माणसं कमी असणं म्हणतो. पण ज्याच्याकडे प्रेसनोट टाईप करणारा पोरगा आहे तोच रोज पेपरात दिसणार, हे पण तितकंच खरं.

कांद्याचं उदाहरण घ्या म्हणजे कळेल. 8 डिसेंबर 2023 ला केंद्राने निर्यातबंदी लावली, 4 मे 2024 ला उठवली, पण सोबत टनाला किमान 550 डॉलर निर्यातभावाची अट आणि 40 टक्के निर्यात शुल्क लावलं. आणि आपलं, म्हणजे नाशिक आणि दिंडोरीचं लोकसभेचं मतदान होतं 20 मे ला. आता समजा एकाने हेडिंग दिलं "निर्यातबंदी उठवली, शेतकऱ्यांना दिलासा" आणि दुसऱ्याने दिलं "बंदी उठली, शुल्काची पाचर कायम", तर खोटं कोणीच नाही. मग झुकाव कुठे शोधायचा? आत. पहिल्याच्या बातमीत 40 टक्के कितव्या परिच्छेदात आलंय, दुसऱ्याच्या बातमीत बंदी उठल्याचं सरळ सांगितलंय का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुढच्या दोन-तीन दिवसात लासलगावच्या लिलावात भावाचं काय झालं हे कोणी छापलं. दिलासा म्हणून मोठं हेडिंग देऊन नंतर लासलगावला फिरकलाच नाही तो पेपर माझ्या वहीत लाल शाईत जातो. (दिंडोरीत तेव्हाच्या केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार हरल्या आणि भास्कर भगरे आले, म्हणजे हेडिंग कसंही असो, कांदावाल्याने भाव बघितला.)

पैशाचा धागा पण बघायला लागतो. वाढदिवसाची पुरवणी, पहिल्या पानावरचं जॅकेट म्हणजे वरून गुंडाळलेलं जाहिरातीचं पान, या जाहिराती तर उघड असतात. पण बातमीसारखा दिसणारा मजकूर असेल तर कोपऱ्यात बारीक "जाहिरात" किंवा फॉन्ट वेगळा आहे का बघा. तालुक्याच्या वार्ताहराचं तर अजून अवघड, बऱ्याच ठिकाणी मानधन नावाला आणि खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर, आणि तिथे जाहिरात देणारे कोण तर कारखाना, पतसंस्था, बाजार समिती, शिक्षणसंस्था, आणि त्या कोणाच्या हे तुम्हाला मी सांगायला नको. त्याच्यावर चिडून उपयोग नाही. मालक कोण हे बघायचं तर शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरातली ओळ वाचा, मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक सगळी नावं कायद्याने द्यावी लागतात.

आणि हो, वहीत एक कॉलम स्वतःसाठी ठेवा. ज्या बातमीने डोकं फिरलं तिच्यातलं पक्षाचं नाव बदलून परत वाचा. आता राग येत नसेल तर ती बातमी यादीतून काढा, तो पेपरचा दोष नाही. माझ्या यादीतल्या जवळपास अर्ध्या अशा गळाल्या.

उरल्या त्यांचं काय करायचं? आधी संपादकाला पत्र. "तुमचा पेपर पक्षपाती आहे" असं लिहिलं की कचऱ्यात. तारीख, पान, हेडिंग, चूक काय, बरोबर काय, पुरावा सोबत, एका पानात. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते, दैनिकाची बातमी असेल तर छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत, आणि संपादकाला आधी लिहिलं होतं हे दाखवावं लागतं. कौन्सिल दंड नाही करू शकत, समज देते, ताशेरे मारते, एवढंच. लोकसभा-विधानसभेच्या वेळी मात्र पेड न्यूजचा संशय आला तर जिल्ह्याच्या माध्यम समितीकडे कात्रण द्या, पेड न्यूज ठरली तर तो खर्च उमेदवाराच्या हिशोबात धरला जातो आणि विधानसभेला मर्यादा 40 लाखांची आहे, त्यामुळे विरोधी उमेदवाराचे लोक तुमच्या आधीच तिथे पोचलेले असतात.

मी स्वतः एकच पत्र शेवटपर्यंत नेलं. आमच्या सोसायट्यांनी मिळून पाण्यासाठी हंडे घेऊन आंदोलन केलं, आणि पेपरात ते एका पक्षाचं आंदोलन म्हणून आलं, कारण फोटोत मधोमध एक माजी नगरसेवक, आणि प्रेसनोट पण त्यांचीच. आम्ही सह्यांची यादी, सगळ्यांचा एकत्र फोटो आणि मनपाला दिलेल्या निवेदनाची पोच जोडून पाठवली. तिसऱ्या दिवशी पान सातवर राशीभविष्याच्या वर सिंगल कॉलममध्ये पाच ओळींचा खुलासा आला. कात्रण लॅमिनेट करून लिफ्टमध्ये लावलंय.