ग्रॅम स्टेन करताना घड्याळापेक्षा स्लाइडकडे बघा

ग्रॅम स्टेन म्हणजे जिवाणू रंगवून त्यांचे दोन गट पाडण्याची रीत: ग्रॅम पॉझिटिव्ह जांभळे राहतात, ग्रॅम निगेटिव्ह लाल दिसतात. ती शिकायला आलेली मुलं आधी रंगाच्या बाटल्यांना हात घालतात. मी त्यांना बाटल्या बाजूला ठेवायला लावते आणि स्मिअर, म्हणजे स्लाइडवर नमुन्याचा पातळ थर, करायला बसवते. चुकलेल्या स्टेनचं मूळ बहुतेक वेळा स्मिअरमध्येच असतं, आणि बिघडलेला स्मिअर पुढे कितीही काळजीपूर्वक रंगवला तरी सुधारत नाही.

स्लाइडवर पाण्याचा थेंब ठेवून बघा. तो पसरला तर स्लाइड स्वच्छ आहे, गोळा होऊन बसला तर तेलकट आहे. स्पिरिटने पुन्हा पुसा. कल्चर (वाढवलेले जिवाणू) आगरवरचं, म्हणजे घट्ट माध्यमावरचं, असेल तर सलाइनचा अगदी छोटा थेंब घ्या, कॉलनीला (जिवाणूंच्या ठिपक्याला) लूपचं (तारेच्या कडीचं) टोक नुसतं टेकवा आणि तेवढंच त्या थेंबात कालवा. नवख्याचा हात इथे हमखास जड पडतो. द्रव कल्चर असेल तर सलाइन लागत नाही, एक-दोन लूप पुरतात. स्मिअर वाळला की स्लाइड छापील कागदावर धरा. खालची अक्षरं वाचता आली पाहिजेत. वाचता येत नसतील तर ती स्लाइड टाकून द्या आणि नवी करा. जाड थरात अल्कोहोल आतपर्यंत पोचत नाही, मग अस्सल ग्रॅम निगेटिव्ह जिवाणूही जांभळे दिसतात.

हवेत पूर्ण वाळू द्या, मगच ज्योतीवर न्या. ओला स्मिअर तापवला तर पेशी अक्षरशः शिजतात आणि त्यांचा आकार बिघडतो. स्मिअरची बाजू वर ठेवून ज्योतीतून दोन-तीनदा फिरवा. स्लाइड मनगटाच्या मागे टेकवल्यावर सोसेल इतकीच गरम असावी. पू, थुंकी असे रुग्णाचे नमुने असतील तर मी ज्योतीऐवजी मिथेनॉलने फिक्स करते, म्हणजे स्मिअर स्लाइडवर पक्का बसवते. पेशींची ठेवण जास्त चांगली राहते.

आता रंग. क्रिस्टल व्हायोलेट 1 मिनिट, मग पाण्याची हलकी धार. ग्रॅम्स आयोडीन 1 मिनिट, पुन्हा पाणी. आयोडीन आणि व्हायोलेट मिळून पेशीच्या आत एक मोठा संयुग तयार होतो. या क्षणी स्लाइडवरचे सगळेच जिवाणू जांभळे असतात, फरक अजून कुठेच नाही.

फरक पडतो तो डीकलरायझरने, म्हणजे रंग काढणाऱ्या द्रवाने, आणि इथे पुस्तकातल्या सेकंदांवर पूर्ण विसंबू नका. स्लाइड तिरकी धरा, वरच्या कडेकडून 95 टक्के अल्कोहोल थेंब-थेंब सोडा आणि खालून गळणाऱ्या थेंबाकडे नजर ठेवा. जांभळं गळायचं थांबलं की त्याच क्षणी पाणी. पातळ स्मिअरला 10 ते 20 सेकंद पुरतात. अ‍ॅसिटोन मिसळलेला डीकलरायझर असेल तर काम काही सेकंदांतच होतं, म्हणून पाणी आधीच हाताशी ठेवा.

त्या थोड्या सेकंदांत काय होतं हे मनात पक्कं असलं की हात आपोआप सावध होतो. ग्रॅम पॉझिटिव्ह पेशीची भिंत म्हणजे पेप्टिडोग्लायकनचा जाड थर, साधारण 20 ते 80 नॅनोमीटरचा. अल्कोहोल त्यातलं पाणी काढून घेतं, थर आवळतो, छिद्रं मिटतात आणि तो मोठा संयुग आत अडकतो. ग्रॅम निगेटिव्ह पेशीत हा थर जेमतेम काही नॅनोमीटरचा, वर लिपिडयुक्त बाह्यपटल. अल्कोहोल ते पटल विरघळवतं, आणि पातळ थराला रंग धरून ठेवता येत नाही. पण अल्कोहोल जास्त वेळ राहिलं तर जाड भिंतीतूनही रंग निघून जातो. तो परत आणता येत नाही.

शेवटी सॅफ्रानिन हा लाल रंग, 30 सेकंद ते 1 मिनिट. जांभळा रंग सुटलेल्या पेशी त्याने लाल होतात. कॅम्पायलोबॅक्टरसारखे फिके रंगणारे जिवाणू शोधत असाल तर त्याऐवजी सौम्य बेसिक फुक्सिन वापरा. धुऊन टिपकागदाने टिपा; पुसू नका.

माझा एक आग्रह आहे, आणि तो मी सोडत नाही. प्रत्येक स्लाइडवर तीन स्मिअर हवेत: एका टोकाला स्टॅफिलोकॉकस ऑरियस (ग्रॅम पॉझिटिव्ह), दुसऱ्या टोकाला ई. कोलाय (ग्रॅम निगेटिव्ह) आणि मध्ये तुमचा नमुना. स्टॅफ लाल दिसला तर डीकलरायझर जास्त झालं, कोलाय जांभळा दिसला तर कमी पडलं. दोन्ही वेळा मधल्या स्मिअरबद्दल एक अक्षर लिहायचं नाही. पुवाच्या स्लाइडमध्ये तर साक्षीदार नमुन्यातच असतो. पांढऱ्या पेशींची केंद्रकं गुलाबी दिसायला हवीत. ती जांभळी असतील तर आजूबाजूच्या जांभळ्या जिवाणूंवर विश्वास ठेवू नका.

आधी 10एक्स लेन्सने पेशी एकेरी पसरलेली जागा शोधा, मग तेलाचा थेंब आणि 100एक्स. रंगासोबत आकार आणि मांडणीही लिहा: जांभळे गोल, घोसात, लाल दांडुके, सुटे. 1884 साली बर्लिनमध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या फुप्फुसाच्या ऊतीत जिवाणू उठून दिसावेत म्हणून हान्स क्रिश्चन ग्रॅम यांनी ही रीत काढली. टायफॉइडचे जिवाणू रंग सोडून देतात हेही त्यांनी नोंदवलं होतं. आज निम्मं निदान त्या सोडलेल्या रंगावरच उभं आहे, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

कल्चर 18 ते 24 तासांचं घ्या. बॅसिलस आणि क्लॉस्ट्रिडियम हे ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणू जुने झाले की भिंत कमकुवत होते आणि लाल-जांभळी सरमिसळ दिसते. क्षयाच्या जिवाणूंची भिंत मेणचट, त्यांच्यासाठी झील-नील्सन स्टेन करा. मायकोप्लाझ्माला भिंतच नसल्याने ग्रॅम स्टेनवर त्याचा शोध घेऊ नका.

एवढं करूनही रंगाबद्दल शंका उरली तर स्लाइडवर 3 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब घ्या, कॉलनी त्यात कालवा आणि मिनिटभरात लूप हळूच वर उचला. चिकट तार आली तर जिवाणू ग्रॅम निगेटिव्ह, कारण भिंत फुटून डीएनए बाहेर आलेला असतो. तार आली नाही तर बहुधा पॉझिटिव्ह. ताज्या कल्चरवरून पुन्हा स्टेन करून पडताळा.